मागच्यानं हूं द्यायचा

वाशीच्या सेक्टरात कपड्यांचं एक नवं दुकान झालं होतं आणि मालकानं हौसेनं दर्शनी बाजूला अख्ख्या भिंतीएवढी काच बसवली होती. करावे गावचा धर्मराज त्या काचेपुढून जाताना थबकला. पलीकडे साड्या नेसवलेल्या बाहुल्या उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. काचेत त्याला आधी एक माणूस दिसला, चौकड्याच्या शर्टातला, मान थोडी पुढे काढून चालणारा. हा आपणच, हे कळायला जरा वेळ गेला. मग त्या माणसाच्या मागे, चारपाच पावलांवर, हातात पिशवी घेतलेली भागीरथी दिसली. भागीरथी बोलत होती. ओठ हलत होते, मोकळा हात मधूनच वर जात होता, भुवया उडत होत्या. कुणी शेजारीण भेटली असेल असं वाटून त्यानं काचेत तिच्या आजूबाजूला पाहिलं. फुटपाथवर कुणीही नव्हतं. या सेक्टरांच्या फुटपाथवर कधीच कुणी नसतं. तो वळला. तिचे ओठ मिटले. ‘काय झायला?’ तिनं विचारलं. ‘काय नाय,’ तो म्हणाला, आणि पुन्हा पुढे चालू लागला. पण मानेवर कुणीतरी ओलं फडकं ठेवावं तसं त्याला वाटत राहिलं. पुढच्या कोपऱ्यावर बँकेची काच होती. तिच्याजवळ आल्यावर त्यानं मान न वळवता नुसती नजर तिरकी केली. ती बोलतच होती, अगदी रंगात येऊन. आणि त्याच्या कानावर त्यातलं अक्षरही आलं नव्हतं.

तो गार पडला. बायको एकटी बोलते याचं त्याला तेवढं वाटलं नाही. ते तर आईनं आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. चुलीपुढे बसून, काठवटीतला हात न काढता बायजाबाई म्हणाली होती, ‘तुजी बायको एकली बोलते रं. रस्त्याला बोलते, बाजाराला जाताना बोलते. परवा पुतलानं बगलं, त्याच्या आदी गोजरानं. खारीच्या वाऱ्यातलं काय तरी लागलंय तिला. येत्या अवशीला भगत बोलवलाय. नाय उतरला तं तिच्या बापाकडं पोचवून ये.’ धर्मराजनं ते कानामागे टाकलं होतं. बायकांना बोलायला विषय लागतो. जमीन गेल्यापासून गावाला विषयांचा दुष्काळ पडलाय, असं त्यानं मनाशी म्हटलं होतं. पण आता काचेत त्यानं स्वतः पाहिलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला ऐकू आलं नव्हतं. चार पावलांवरचं. सुनसान रस्त्यावर. मग एकदम त्याच्या मनात आलं, की रस्ता सुनसान आहे हे तरी आपल्याला कुणी सांगितलं? पलीकडे इमारतीचा सांगाडा उभा होता आणि मिक्सर गरागरा फिरत होता. त्याची थरथर पायाच्या तळव्यांना लागत होती. आवाज येत नव्हता. गेली काही वर्षं तो येईल-जाईल त्याला ऐकवत होता की हे नवीन शहर म्हणजे मुकं शहर, ना माणसाचा आवाज ना कुत्र्याचा. आणि ऐकणारे त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहत असत, ते का, हे आज कळत होतं.

घरी जाताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. भागीरथी शेजारी होती, पण त्या अवस्थेत तिच्याकडे बघायची त्याला भीती वाटली. बाहेर मुरुमाचे ढीग होते, खांब होते आणि मधूनच उरलेला खाजणाचा, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीचा, हिरवा तुकडा. तिथून एके काळी बांध जात होता. बांध म्हणजे खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेली मातीची भिंत, आणि गावाचा रस्ताही तोच. एका माणसापुरता. दोन्ही बाजूंना चिखल, चिखलात निवट्या मासळी आणि कुठे किती खोल ते देवालाच ठाऊक. त्याचा बाप सिताराम पुढे चालायचा, मागून डोक्यावर पाटी घेतलेली आई आणि तिच्या मागे तो. बाप बोलायचा तो पुढे बघूनच. मान वळवली की पाय घसरलाच. म्हणून मागच्यानं हूं द्यायचा. पुढच्यानं काहीही म्हणावं, यंदा भात बरं आहे, मिठागरात कामाला माणूस नाही, त्या अमक्याची म्हैस मेली, आणि मागून ‘हूं’ यावा. हूं आला म्हणजे मागचा माणूस जागेवर आहे. हूं नाही आला तर बाप उभा राहायचा आणि न वळताच ओरडायचा, ‘हूं कुठं हाय?’ लग्न झाल्यावर पहिल्या दिवसांत धर्मराजनंही नव्या बायकोला बांधावर हेच शिकवलं होतं. ‘हूं दे गो.’ ती लाजून इतका बारीक हूं द्यायची की त्याला हसू यायचं, आणि हूं ऐकायलाच तो वाटेल ते बोलत राहायचा. पाठीमागून येणारा तो बारीक हूं. त्याच्या अख्ख्या संसारात त्याला एवढं गोड दुसरं काही मिळालं नव्हतं. आता ते कबूल करायला त्याला लाज वाटण्याचं कारण नव्हतं, बसमध्ये त्याच्या मनात कोण शिरणार होतं?

मग बांध गेला. सरकारनं जमीन घेतली, खाजण भरलं, वरून सहा माणसं हातात हात घालून चालतील एवढा रस्ता केला. आणि करावे गावची माणसं त्या रस्त्यावरून एकामागे एक चालू लागली. नवरा पुढे, बायको मागे, पोरं त्यांच्या मागे. येणारे-जाणारे सायबलोक बघून हसत. रस्ता सरकारचा, सवय बांधाची. धर्मराजला बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात काम लागलं, प्रेसखात्यात. पत्र्यावर घण पडतो आणि पत्र्याची कढई होते, असा तो उद्योग. तिथे कुणी तोंडानं बोलत नाही. हातानं, भुवयांनी आणि ओठांच्या आकारानं सगळं चालतं. ते शिकायला त्याला फार दिवस लागले नव्हते. आणि मग एकदा रस्त्यानं पुढे चालताना तो म्हणाला होता, ‘पोरीला यंदा शाळेत घालायची,’ आणि मागून हूं आला नव्हता. तो थांबला नव्हता. बापासारखं ‘हूं कुठं हाय’ असं ओरडला नव्हता. त्याला राग आला होता. पोरीच्या शाळेचं बोलतोय आणि हिला हूं द्यायला जड होतं? पुढे दोनतीनदा त्यानं मुद्दाम बोलून पाहिलं. हूं नाही. तेव्हा त्यानं बोलणंच सोडलं. तू हूं देत नाहीस, मी बोलत नाही. असं हे भांडण चार वर्षं चाललं होतं आणि त्याची बातमी घरात कुणालाच नव्हती. भागीरथीलाही नसावी. समोर बसली की ती नेहमीसारखी बोलायची, तोही उत्तर द्यायचा. पण बाहेर पडले की तो गप्प. एवढा मोठा अबोला त्यानं एकट्यानं पाळला होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून उजव्या कानाला लावलं. घड्याळ बंद पडलेलं होतं. डाव्या कानाला लावलं तर ते चालू होतं, लांब कुणीतरी सुपारी कातरावी तसं. त्यानं पुन्हा उजव्याला लावलं. बंद. तो घड्याळाकडे बघत बसला. समोर बाजीराव डबा खात होता. तो साताऱ्याकडचा, अंगानं आडवा आणि तोंडानं मोकळा. तो ओठांनी म्हणाला, ‘काय, ऐकावे?’ धर्मराजला त्यानं पहिल्या दिवशीच हे नाव ठेवलं होतं. तुमचं गाव करावे, मग ऐकावे कुठंय? ऐकावे जनाचे, करावे मनाचे. अख्खं खातं त्यावर हसलं होतं आणि धर्मराजही हसला होता. आज मात्र त्याला वाटलं, या माणसाला सगळं ठाऊक आहे. खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, कारण सगळ्यांचं तेच झालंय, आणि कुणी बोलत नाही, कारण वर कळलं तर उद्या घरी बसवतील. त्यानं घड्याळ मनगटावर बांधलं आणि चुकून उलटं बांधलं.

तेव्हापासून त्याला चैन पडेना. एकच प्रश्न. ती काय बोलते? कुणाशी? काचेत ओठ हलताना दिसले होते, पण तेवढ्या लांबून ते वाचता आले नव्हते. कधी वाटे, आई म्हणते तेच खरं, खाडीवरच्या वाऱ्यातलं काही लागलं असेल. कधी वाटे, दुसराच कुणी पुरुष असेल तिच्या मनात, त्याच्याशी बोलत असेल. असं वाटलं की जेवण कडू लागे. कधी वाटे, ती आपल्याला शिव्या घालते. तेच त्यातल्या त्यात बरं वाटे. एकदा त्यानं दाढीचा छोटा आरसा तळहातात लपवून नेला आणि नेरूळच्या वाटेवर, घाम पुसतोय असं दाखवत, तो खांद्याजवळ धरला. आरशात आभाळ दिसलं. हात हलवला तर तारेवरचा कावळा दिसला. फार खटपट केल्यावर भागीरथीचं कपाळ आणि कुंकू दिसलं, पण ओठ काही आरशात मावेनात. तेवढ्यात समोरून गंगाराम सरपंच आला आणि म्हणाला, ‘काय धर्मराज, रस्त्यात भांग पाडतूस काय?’ हे त्याच्या ओठांवरून कळलं. धर्मराजनं आरसा खिशात कोंबला. त्या रात्री झोपल्यावर शेजारी भागीरथीचा श्वास वरखाली होत होता. तो दिसत होता. ऐकू येत होता की नाही, ते ठरवत तो जागा राहिला.

अवस जवळ येत होती. आईनं भगताला कोंबडा सांगून ठेवला होता. आणि अशात एका संध्याकाळी भागीरथी भाकरी थापता थापता, अगदी समोर बघून, त्याला म्हणाली, ‘एक रात मना कुठंतरी नेशाल काय?’ त्याला वाटलं माहेरी. ‘माहेरला नाय. कुठल्या पन गावाला. मानसं पायजे तिथं. रग्गड गर्दी पायजे. पायी फिरता याला पायजे, गारीत बसून नाय. आनि आपल्याला वलखनारा एक बी मानूस नको.’ ‘कनाला?’ त्यानं विचारलं. ‘अशीच,’ ती म्हणाली, आणि भाकरी उलटली. लग्नाला बारा वर्षं होत आली होती आणि तिनं आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. पोरीचं काय, तर मोठी जाऊ पुतळावहिनी सांभाळेल, हेही तिनंच सांगितलं. म्हणजे तिनं फार दिवस विचार केला होता. तो हो म्हणाला. हो म्हणताना त्याच्या मनात आलं, निरोप घेणारी माणसं असंच काहीतरी शेवटचं मागतात.

मग गाव निवडायचं काम त्याच्या अंगावर पडलं. हे काम कुणाला सोपं वाटेल. धर्मराजला त्यानं पोखरून काढलं. कामावर, जेवताना, संडासाच्या रांगेत उभं असताना तो गावं चाळत होता. पनवेल बाजाराचं गाव खरं, पण तिथे प्रत्येक दुकानदार त्याच्या बापाला ओळखायचा. अलिबागला गल्लीगल्लीत मावश्या, आत्या, साडू. लॉजात उतरलो असं कळलं तर मावशी उद्धार करील, रक्ताचं घर असताना भाड्याच्या खाटेवर झोपलास? पेण, उरण, वडखळ, सगळीकडे तेच. जगात आपले नातेवाईक इतके आहेत आणि आपल्याला विचारणारा कुणी नाही, याचं त्याला नवल वाटलं. लोणावळ्याला गाड्याच गाड्या. पुण्यात आपण हरवू. आणि या सगळ्याच्या खाली त्याची स्वतःची एक चोरटी इच्छा होती, ती त्याला निवांत जागेकडे ओढत होती. जिथे आवाज नसेल अशा जागी, डाव्या बाजूला तिला घेऊन चाललो, तर कदाचित ऐकू येईल. म्हणून त्यानं माथेरान काढलं. तिथे मोटार नाही, घोडे आहेत, झाडं आहेत, पायीच फिरायचं. भागीरथी ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘तिथं काय झारांना सांगू?’ आणि चटकन उठून पाणी आणायला गेली. सांगू. हा शब्द त्यानं तिच्या ओठांवर स्पष्ट पाहिला होता. झाडांना सांगू. म्हणजे तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगायला गर्दी हवी होती. गर्दीत काय सांगतात? माणूस गर्दीत फक्त हरवतो. गर्दीत ती हात सोडून जाईल आणि आपल्याला तिची हाकही ऐकू येणार नाही. मग वाटलं, ती हात सोडेल कुठून? हात धरून आपण कधी चाललोय?

शेवटी साताऱ्याचं बाजीरावनं सुचवलं. मागे काय आहे हे न विचारता त्यानं नुसतं ऐकलं, आणि डब्याच्या झाकणावर पाण्यानं बोट ओढून दाखवलं. हा वरचा रस्ता, हा खालचा रस्ता, मधे गल्ल्या, आणि हा मोती चौक. ‘संध्याकाळी सगळं गाव बाहेर पडतंय,’ तो ओठ मोठे करून म्हणाला. ‘काम असू दे नसू दे. वरनं जायचं, खालनं यायचं. पायाला लई बरं गाव. आन् पेढे खावा.’ धर्मराज झाकणावरच्या त्या ओल्या रेघांकडे पाहत राहिला. दोन रस्ते शेजारी शेजारी जात होते. त्या वाळून गेल्या तरी त्याला दिसत राहिल्या. घरी त्यानं देवाला जातो असं सांगितलं. आई म्हणाली, ‘कंच्या देवाला?’ त्याला देव आठवेना. ‘साताऱ्याकरं देव काय कमी हायेत?’ भागीरथीच मधे बोलली. आईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि बजावलं, ‘अवशीच्या आदी या.’

साताऱ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुपार कलली होती. लॉजवाल्यानं खोली दिली, तिला खिडकी होती, खिडकीतून डोंगर दिसत होता. भागीरथीनं खाटेची चादर झटकली, पुन्हा घातली, पिशवीतली दुसरी साडी काढून नेसली आणि दारात उभी राहिली. ते बाहेर पडले. आणि बाहेर पडताच काय झालं, तर तो पुढे झाला आणि ती मागे. इतका विचार करून, इतक्या लांब येऊन, पायांनी आपलं तेच केलं. वरच्या रस्त्याला खरंच सगळं गाव लोटलं होतं. सायकली होत्या, टांगे होते, भाजीच्या पाट्या, कुल्फीची गाडी, परकर-पोलक्यातल्या पोरी, शाली पांघरून निघालेले म्हातारे. त्या सगळ्यांचा मिळून त्याला एक घोंगावणारा आवाज येत होता, मडक्याला कान लावल्यासारखा. त्यात एकही शब्द नव्हता. त्याला पळून जावंसं वाटलं. घड्याळाच्या दुकानाची काच आली. त्यानं नजर तिरकी केली. मागे भागीरथी बोलत होती. पण हे बोलणं वाशीतल्यासारखं नव्हतं. इथे तिचं तोंड पूर्ण उघडत होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, हात हवेत उडत होते. ती मोठ्यानं, अगदी गळा मोकळा करून बोलत होती, आणि साताऱ्यातलं एकही माणूस वळून बघत नव्हतं. एवढ्या कल्लोळात आपल्या नवऱ्याच्या मागून बोलत चाललेल्या बाईकडे कोण बघतो? म्हणून तिला गर्दी हवी होती. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी त्यानं आठ दिवस जिवाचं पाणी केलं होतं.

तो वळला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मागचे लोक त्यांना वळसा घालून जाऊ लागले. त्याला जे महिनोन्‌महिने बोलता आलं नसतं ते तो भर रस्त्यात बोलून बसला. ‘मना आयकू येत नाय. या कानानं कायच नाय. त्या कानानं थोरा.’

भागीरथीनं पदर सारखा केला. ‘ठावं हाय मना.’

‘कवापासून?’

‘तुमी रस्त्यानं बोलाचं सोरलं तवापासून. पयलं मना वाटलं रागावलाव. मी हूं दिला. मोठ्यानं दिला. वरडून दिला. तुमी आपले चालताव. मंग एक दिस मी तुमाला शिवी दिली.’

‘शिवी?’

‘चांगली आईवरनं दिली. तरी पन तुमी चालताव. तवा समजला.’ ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ‘त्या दिवशी रातभर रडले मी. आनि दुसऱ्या दिवशी सांगाला लागले.’

‘काय सांगाला?’

‘सगला. घरात सगल्यांना तोंडं हायेत. सासूला हाय, जावंला हाय, गावाला हाय. पाठ कोनाला हाय? तुमची पाठ मना बरी लागली. काय पन सांगा, उलटून बोलत नाय.’

‘आनि लोकं तुला येरी बोलतात. आईनं भगत बोलवलाय. तू सांगाचं ना, मी नवऱ्याशी बोलते म्हनून.’

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याला कान नाहीत तसा मेंदूही नाही. ‘तसं सांगलं असतं तं पयली गोष्ट काय कलली असती? तुमी भैरे. कंपनीत कलली असती. मना येरी बोलले तं बोलले. येऱ्या बाईला कोन काय विचारत नाय, बरं असतं.’

चार वर्षं तो तिच्यावर रुसून बसला होता आणि चार वर्षं ती त्याच्या मागून हूं देत होती. ‘काय सांगतेस पाठीला?’ त्यानं पुन्हा विचारलं. त्याला ते हवं होतं, आताच्या आता हवं होतं, त्याच्या हक्काचं होतं.

‘ते पाठीला सांगलंय,’ ती म्हणाली. ‘तोंडाला नाय सांगनार.’

मग त्यानं तिचा दंड धरला आणि तिला आपल्या डाव्या हाताला घेतलं. जन्मात पहिल्यांदा ते दोघे शेजारी शेजारी चालू लागले. त्याला वाटलं, आता सगळं ठीक झालं. थोडा कान शाबूत आहे, ती या बाजूला आहे, आता तिनं बोलावं आणि आपण ऐकावं, करावे गावच्या माणसाला ऐकावे सापडलं. त्यानं मान तिच्याकडे कलती ठेवली. भागीरथी गप्प होती. बांगड्यांचं दुकान गेलं, तिनं बांगड्यांकडे नुसतं पाहिलं. भांड्यांचं दुकान गेलं. त्यानं पेढे घेतले, तिनं एक खाल्ला, बरा आहे म्हणाली. मोती चौक आला, चारी बाजूंनी माणसांचा लोंढा आला, आणि ती त्यात अशी चालत होती जशी सासूबरोबर बाजाराला निघालीय. पदर डोक्यावर, नजर खाली. मघाशी काचेत दिसलेली ती बाई, मानेच्या शिरा ताणून हवेत हात उडवणारी, ती कुठे गेली? तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला आणि ते मिटलेले राहिले. पेढा त्याच्या तोंडात तसाच राहिला. त्याला कळलं, अगदी साफ कळलं, की आपण ऐकायला गेलो आणि तिची एकुलती एक जागा बुजवून बसलो. खाजण भरलं तसं. उद्या गावी गेल्यावर ती रस्त्यानं गप्प चालेल, बाजाराला जाताना गप्प राहील, भगत म्हणेल उतरलं, आई कोंबडा कापील, आणि सगळे म्हणतील शहाणी झाली.

तो थांबला. तो तिच्या मागून फिरून तिच्या डाव्या बाजूला आला. आता त्याचा उजवा कान तिच्याकडे होता, बंद घड्याळाचा. तिनं चमकून वर पाहिलं. ‘बोल,’ तो म्हणाला. ‘हा पाठीचाच कान हाय.’

चौक मागे पडला. मग त्याच्या दंडाला तिचा दंड लागला, आणि तो दंड हलू लागला. आधी थोडा, मग कोपरापर्यंत, मग तिचा हात वर उडालेला त्याला डोळ्यांच्या कडेला दिसला. ती बोलत होती. काय, ते त्याला कळत नव्हतं. आईविषयी असेल, गेलेल्या जमिनीविषयी असेल, कदाचित त्याच्याविषयीच असेल, काहीतरी भयंकर असेल. त्याच्या छातीत धडधडत होतं, आणि ती धडधड मात्र त्याला अगदी नीट ऐकू येत होती. पुढे एका मिठाईच्या दुकानाला मोठी काच होती, आतून दिवे लावलेली. त्या काचेत दोघेही दिसणार होते, शेजारी शेजारी, आणि तिचे ओठ दिसणार होते. एवढ्या जवळून ओठ त्याला वाचता येत होते. दोन पावलं राहिली, एक राहिलं. धर्मराजनं मान वळवली आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, कुल्फीच्या गाडीकडे बघत तो काचेवरून पुढे गेला. तिचा दंड क्षणभर थांबला, उत्तराची वाट पाहिल्यासारखा.

‘हूं,’ तो म्हणाला.